साहेबांच्या पाठीवरची जळू

तीर्थस्वरूप आत्यास, वर्कशॉपमधून भाच्याचा साष्टांग नमस्कार. (कागदाच्या कोपऱ्यात जो काळा अंगठा उठला आहे तोही माझाच. त्याचा नमस्कार वेगळा धर.)

तुझा गुडघा कसा आहे? निवृत्त झाल्यापासून तो जास्तच दुखतो, असं आतेबहीण सांगत होती. मला नवल वाटलं नाही. तीस वर्षं गाड्यांखाली सरपटताना ज्याने हूं की चूं केलं नाही, त्याला एकदम सोफ्यावर बसवलं तर तो कुरकुरणारच. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. चारही गाड्या मजेत आहेत. (त्यांतली एक जरा जास्तच मजा करून आली, तिच्याबद्दलच लिहायला बसलो आहे.) मला तुझ्या जागी बसवून तू गेलीस त्याला उद्या तीन महिने होतील आणि मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते साहेब उद्याच ठरवणार आहेत. म्हणून कुणाकडून भलतंसलतं तुझ्या कानावर जाण्याआधी खरं काय झालं ते माझ्याकडून ऐक.

तुझे सगळे नियम मी पाळतो, अगदी शप्पथ. खाडीत पाण्याची पातळी मोजायचे खांब आहेत, तिथे जाऊन आलेली गाडी आधी गोड्या पाण्याने धुतो, तीही खालून, चिखलाचा शेवटचा गोळा सुटेपर्यंत. मग ॲक्सलचं बूच उघडून तेल बघतो. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलं, एवढं आता मला झोपेतही कळतं. त्या थोरल्या गाडीच्या मागच्या ॲक्सलमधून मात्र दर खेपेला चहाच निघत होता. कारण तू सांगितलं होतंस तेच. पळून तापलेला ॲक्सल गार पाण्यात उतरला की आतली हवा आक्रसते आणि त्याची श्वासाची नळी आखूड असेल तर तो हवेऐवजी पाणी ओढून घेतो. नळी उंच ने, असं तू जाताजाता म्हणालीस. किती उंच ते नाही म्हणालीस. (दोष देत नाही, नुसतं नोंदवतो.)

मग मी डोकं चालवलं. गाडीत पाण्यापासून सगळ्यांत लांब, कोरडी जागा कुठली? केबिनचं छत. फरशीला भोक पाडलं, नळी सरळ वर नेली, छताला क्लिपने टाचली आणि आत धूळ जाऊ नये म्हणून तिचं तोंड छत्रीच्या मुठीसारखं खाली वळवलं. ते नेमकं ड्रायव्हरशेजारच्या सीटवर आलं, पण तिथे सहसा कोणी बसत नाही. शिवाय तेल बुचापर्यंतच भरायचं हा तुझा नियम मला पहिल्यापासून जरा कंजूष वाटत होता. बूच वर यावं म्हणून गाडी एका बाजूने जॅकवर उचलली आणि आणखी लिटरभर ओतलं. आत तेलच तेल असलं तर पाण्याला शिरायला जागाच कुठे उरणार, असा माझा हिशेब. रात्री इतकी शांत झोप लागली म्हणून सांगू!

सकाळी साहेब आले. साहेब तुला माहीतच आहेत, आधी ढेरी येते, मग दार लोटल्याचा आवाज येतो आणि मग साहेब येतात. अंगात नवा पांढरा शर्ट होता. खांबांकडे जाऊन येतो म्हणाले आणि त्याच सीटवर बसले. ज्याने गाडी दुरुस्त केली त्याने पहिल्या फेरीला गाडीत बसायचं, हा तुझा नियम. मला पोहता येत नाही हे खरं, पण नियम तो नियम. मी स्वतःहून मागे चढून बसलो. वाळू लागायच्या आधी चारही चाकांची हवा कमी करवून घेतली. आपला ड्रायव्हर, ज्याला तू सावकाश म्हणायचीस, तो शेजारी साहेब आहेत म्हणून असा सुसाट सुटला की ॲक्सल तापून लाल झाला असेल. आणि तापल्यावर त्या बिचाऱ्याने जादा तेल नळीवाटे वर पाठवायला सुरुवात केली.

आम्ही पाण्याच्या मध्यावर असताना नळीच्या वळलेल्या तोंडाशी साचलेलं ते तेल साहेबांच्या कॉलरमधून आत उतरलं. कोमट, चिकट, सावकाश सरकणारं काहीतरी. जळू, जळू, असं ओरडत साहेब उभे राहिले, छतावर डोकं आपटलं आणि सावकाशच्या गळ्यात पडले. पाण्यात गाडी थांबवायची नाही हे सावकाशला पाठ आहे, पण गळ्यात साहेब असताना त्याने काय करावं? गाडी थांबली. चाकांखालची वाळू वाहून जायला लागली आणि गाडी खाली बसायला लागली. साहेबांनी शर्ट काढला, पाठ माझ्याकडे केली आणि आधी ही काढ म्हणाले. मी बोट लावलं, वास घेतला. गिअर ऑइल! आता अशा वेळी माणसाने खरं बोलावं का? मी पाठीवर एक चिमटा काढला, हवेतली जळू पाण्यात भिरकावली आणि निघाली म्हणून सांगितलं. साहेबांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. मग ते परत त्याच सीटवर बसले आणि पुढचा थेंब टकलावर पडला. त्यांनी वर पाहिलं.

तासाभराने दुसऱ्या गाडीने आम्हांला ओढून काढलं. मी लगेच मागचं बूच उघडलं आणि काय सांगू आत्या, तेल असं लख्ख की बघत राहावं! पाण्याचा थेंब नाही. साहेबांना दाखवायला गेलो, पण ते टक्कल पुसत होते. ही नळी इथे आणायची अक्कल कुणाची, असं त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून तुझं नाव निघून गेलं.

घरी सर्वांना नमस्कार. गुडघा शेकत जा.

तुझाच, भाचा

ता. क. मी स्वतःहून गाडीत बसलो असं वर लिहिलं आहे, तेवढं वाक्य सोडून दे. सावकाशने मला उचलून मागे टाकलं आणि कडी बाहेरून लावली.

आणखी एक ता. क. खरं काम असं, की साहेब आजच तुझ्याकडे येताहेत. नळी केबिनमध्ये न्यायची ही तुमचीच पद्धत का, असं विचारतील. तू फक्त हो म्हण. तुला आता कोण काढणार? मला ही नोकरी हवी आहे, आत्या. इतकं वाईट करूनही इतकं आवडणारं दुसरं काम मला मिळायचं नाही. आणि जळूबद्दल चकार शब्द काढू नकोस. तेलही होतं आणि जळूही होती, असंच ते अजून धरून चालले आहेत. माझ्या बाजूने एवढी एक जळूच आहे.

शेवटचा ता. क. टपालाने हे साहेबांच्या नंतर पोचलं असतं, म्हणून त्यांच्याच हाती देतो आहे. काळजी नको, पाकीट बंद करून देतो. गोंद सापडत नाही, पंक्चरचं सोल्यूशन लावतो आहे. दोन्ही बाजूंना लावून पाच मिनिटं सुकू द्यायचं आणि मगच दाबायचं, नाहीतर धरत नाही, हे तूच शिकवलंस. पण साहेब बाहेर हॉर्नवर हॉर्न देताहेत, तेव्हा ओलं असतानाच दाबून देतो.