उंबराकडची भिंत

१७ एप्रिल

परत चिरली! उंबराकडच्या भिंतीला होळीच्या आधी लांबी भरून रंग दिला होता. आज पोळ्या लाटताना वर पाहिलं, तर त्याच जागी तिरकी भेग. बोट जातं आत. ह्यांना हाक मारली तर म्हणे, काळी माती आहे अनसूया, उन्हाळ्यात आकसणारच, पाऊस झाला की फुगून बसेल जागेवर. घर बांधल्यापासून हेच ऐकतेय. माती आकसो नाहीतर फुगो, माझ्या ओट्यानं का म्हणून हलायचं?

२० एप्रिल

मयुरेश येऊन गेला. ह्यांचा पुतण्या, बांधकामाचा इंजिनीयर. अंगणातल्या भेगांत काठी घालून बघत बसला. म्हणाला, पायाखालची माती सगळीकडून सारखी ओली राहायला हवी. एक बाजू वाळली की तेवढा पाया खाली बसतो, आणि तुमच्या कोपऱ्यातलं पाणी हा उंबर ओढतोय.

मी लगेच म्हटलं, मग तोडू या! ह्यांचा चेहरा पांढराफटक. दत्ताचं झाड ना ते! त्र्यंबकच्या भटजींच्या घरातला जन्म— मखमलाबादला हा प्लॉट घेतला तेव्हाही उंबर होताच, आणि तो वाचावा म्हणून ह्यांनी घराचा नकाशा सरकवला होता. तोडायचं नाव काढलं की ह्यांना घास जात नाही.

आणि मयुरेशही म्हणाला, काकू, झाडाला हात लावू नका, तोडलंत तर जास्त बिघडेल. काकांची बाजू घेतोय, दुसरं काय!

२८ एप्रिल

ह्यांनी घराभोवती ठिबकच्या नळ्या अंथरल्या. शेजारी द्राक्षबाग मोडली, तिथल्या जुन्या. समोरची स्नेहल विचारते, काकू, घराला घड कधी लागणार? मलाही हसू आलं. नळाला पाणी एक वेळ, आंघोळीला बादली मोजून, आणि आम्ही मातीला पाजतोय.

९ मे

भेग छताला टेकली. रात्रंदिवस ठिबक चालू, काडीचा फरक नाही.

यशश्रीचा पुण्याहून फोन. विकून टाका आई, आमच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घ्या. लेकीची माया खरी, पण नाही म्हणजे नाही. मला ह्या घरात मरायचंय. दुसऱ्यांच्या जिन्यावरून खाली नेलेलं नकोय मला.

१२ मे

भाजी फोडणीला टाकली आणि रडू आलं. पलीकडे भिंतीतून चक्क उजेड दिसतोय.

१९ मे

हे त्र्यंबकला गेले. चुलतभावाकडे नारायण नागबळीचे यजमान आलेत, मदतीला बोलावलंय. परवाशिवाय येत नाहीत.

महापालिकेची परवानगी मी कधीच काढून ठेवलीय. घराला धोका, असं कारण दिलं. खोटं थोडंच आहे?

सोमाला विचारलं. सुरगाण्याचा, आमच्याकडे बागकामाला येतो. त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. म्हणाला, "उंबर नाय तोडणार मी, बाई. मला पोरं हायेत." मजुरी न घेता निघून गेला. मग रस्त्यावरच्या पाटीवरून कटरवाल्याला फोन लावला. त्यानं फक्त पत्ता विचारला.

२० मे

दुपारपर्यंत आडवा. खोडातून पांढरा चीक गळत होता, अंगणभर कच्ची उंबरं. स्नेहलच्या सासूबाईंनी खिडकी लावून घेतली. लावू देत. मी घर वाचवलंय माझं.

पण जेवण नाही गेलं.

२२ मे

हे आले. फाटकाशीच उभे राहिले. मी तोंडात शंभर उत्तरं तयार ठेवली होती. हे सरळ मोरीकडे गेले. पाय धुतले, जेवले, पान उचलून ठेवलं. नंतर एवढंच विचारलं, "नारळ तरी फोडलास का गं?"

नव्हता फोडला. सुचलंच नाही.

२४ जून

भेग मिटली! आठ दिवस चांगला पाऊस, आणि भिंत अशी मिटली की नखही जात नाही. ह्यांना हाताला धरून दाखवायला नेलं. बरं झालं म्हणाले. भिंतीकडे पाहिलं मात्र नाही.

६ जुलै

ओट्यासमोर फरशी वर आलीय. आधी वाटलं माझेच पाय सुजलेत. सकाळी ताड्कन आवाज झाला आणि दोन फरश्या सुटून उभ्या राहिल्या. मागचं दार लागत नाही.

७ जुलै

मयुरेश धावत आला. गुडघ्यावर बसून फरशीखाली हात घालून माती चाचपली.

"काकू, उंबरानं तो कोपरा वर्षानुवर्षं कोरडा ठेवला होता. आपला पाया त्या कोरड्या मातीवर उभा आहे. आता ती पाणी पिणार आणि फुगणार."

किती दिवस, विचारलं.

"दिवस नाही, काकू. वर्षं."

मग उपाय सांग म्हटलं. तर चहा घेतो म्हणाला.

२१ जुलै

नवी भेग, दुसऱ्या भिंतीला. ह्यांनी ठिबकच्या नळ्या काढून नीट गुंडाळून ठेवल्या. माझ्याशी बोलतात— मीठ दे, फोन वाजतोय, दूध आलं. इतकंच. एकदा तोंड भरून शिव्या घातल्या असत्या तर मी पाय धरले असते. चुकले मी! इथे लिहिता येतं, समोर म्हणवत नाही.

३ ऑगस्ट

आंघोळ करून मी फुलं घेऊन गेले, तर देव्हारा रिकामा. टाक, बाळकृष्ण, शाळिग्राम, एकही देव नाही. आतून पुसून घेतलाय.

यशश्रीला फोन केला. तिला माहीत होतं. बाबा देव घेऊन त्र्यंबकला गेलेत, आता तिथेच राहणार म्हणाली. मी विचारलं, माझ्यासाठी काही निरोप?

"घर तुझ्या आईला ठेवलंय, म्हणाले."