एकेचाळीस वेळा ‘अस्पष्ट’

६ जानेवारी २०२५, सोमवार

हे लिहायला घेतलं कारण मला लेखी कारण मागितलं आहे. मला! सदतीस वर्षं मुलांकडून उशिराची लेखी कारणं घेणाऱ्या बाईला!

दुपारी बडोद्याच्या संस्थेतून गायत्रीचा फोन आला. खानदेशातून सुरतेत आलेल्या बायांच्या आठवणी ही संस्था गोळा करते. मी बायांच्या घरी जाऊन लॅपटॉपवर आवाज मुद्रित करते, घरी येऊन ऐकते आणि टाइप करून मुद्रणासह पाठवते. गायत्री म्हणाली, “बाई, कोसाडच्या धुरपदाबाईंच्या मजकुरात तुम्ही एकेचाळीस वेळा ‘अस्पष्ट’ लिहिलंय. नेमकी नावंच गेलीत. महिनाअखेर कारण लिहून द्या, नाहीतर हे काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल.”

नावं म्हणजे धुरपदाबाईंबरोबर पन्नास वर्षांपूर्वी चलथाणला ऊसतोडीला आलेल्या अकरा बाया. पुढे त्या सुरतेत लूमच्या खात्यांत, म्हणजे मागांच्या कारखान्यांत, पांगल्या. आता एकट्या धुरपदाबाई उरल्यात, आणि त्या ब्याऐंशीच्या.

कारण उघड आहे. लॅपटॉपचा पंखा. पिठाची गिरणी बरी! त्या घरघरीत म्हातारीचा आवाज बुडतो. हे गायत्रीला सांगितलं. “मग शांत लॅपटॉप घ्या. पैसे संस्था देईल, निवड तुमची.” ठीक. निवड माझीच असेल आणि कोण काय बोललं ते तारखेसह इथे असेल.

८ जानेवारी

काय हवं ते कागदावर लिहून दुकानात गेले. एक – कोसाडला नेता येईल असं हलकं. दोन – घरी आल्यावर डॉकला एकच वायर लावली की दोन्ही मॉनिटर सुरू. एकावर आवाजाची पट्टी, दुसऱ्यावर टायपिंग. तीन – आवाज शून्य.

दुकानदार पोराने कागद वाचला नाही. “आंटी, गेमिंग के लिए चाहिए?” माझ्या चेहऱ्याकडे तरी बघायचं!

मग म्हणाला, याला दोन पोर्ट आहेत म्हणजे दोन मॉनिटर चालणारच. म्हटलं, लावून दाखव. लावले. दोन्हीकडे एकच चित्र! तो म्हणाला, “देखो, दोनो चालू!” फळ्यावर तेच गणित दोनदा लिहून दोन गणितं झाली म्हणणारा एक विद्यार्थी होता. हा त्याचाच वंश.

९ जानेवारी

फोनवर तीन दुकानं. तिन्हीकडे “एकदम सायलेंट”. तिन्ही खोटारडी.

११ जानेवारी

मी परीक्षा काढली आहे. दोन्ही मॉनिटर जोडायचे, झाकण बंद करायचं, दहा मिनिटं काम चालू द्यायचं. मग मी पाठ करून उभी राहते. दुकानदाराने मनात येईल तसं यंत्र चालू-बंद करायचं, दहा वेळा. मी नुसतं ऐकून सांगते.

आजच्या दुकानात दहापैकी दहा! “सायलेंट” म्हणे! मालक म्हणाला, “मॅडम, इतना कौन सुनता है?” मी ऐकते. फळ्याकडे तोंड करून शेवटच्या बाकावरची कुजबुज ओळखलेली बाई आहे मी.

१४ जानेवारी

उत्तरायण. आमच्या भेस्तानच्या प्रत्येक गच्चीवर पतंग आणि लाउडस्पीकर, प्रत्येकाचं गाणं वेगळं. आज सबंध शहर बहिरं.

आमच्या घरी तर बारा महिने उत्तरायण! हे चौतीस वर्षं लूमच्या खात्यात फोरमन होते. शंभर लूमांच्या खडखडाटात कानांचं मातेरं झालं. तिथे बोलणं म्हणजे हातवारे आणि ओठ वाचणं. आता निवृत्त होऊन टीव्ही लावतात, आवाज चाळीसवर! शेजारच्या पुष्पाबाई भिंत ठोकतात. आज रिमोट काढून घेतला आणि कपाटात कुलूप लावून ठेवला. म्हटलं, बहिऱ्याला टीव्ही कशाला? हे नुसते हसले. यांचं तेच. काही सांगायचं तर पुढ्यात येऊन उभे राहतात, तोंड तोंडासमोर आणतात आणि मग बोलतात. स्वयंपाकघरात पाय अडकतो माणसाचा.

बातम्या मी आवाज बारावर ठेवून लावल्या. निवेदक पुटपुटतात. हल्ली सगळेच पुटपुटतात. शाळेत उच्चार शिकवायचे सोडल्यावर दुसरं काय होणार!

१६ जानेवारी, गुरुवार

कोसाड. नवं यंत्र मिळेपर्यंत मुद्रण नाही, नुसती भेट. धुरपदाबाई बाजेवर बसून होत्या. पाय सुजलेत.

“का वं मास्तरीणबाई, आज डबडं नहीं लयनी?”

म्हटलं, नवं आणते, हे आवाज करतं.

“करू दे ना! मन्ही सासू बी करे. मी कामं सोडनात का?” आणि मग एकदम, “लवकर लय माय. मी मरनू ते त्या अकरा जनींसना नावं कोन सांगी?”

चहा पिऊन निघाले.

१८ जानेवारी

मिळालं! चेतन नावाच्या माणसाचं अरुंद दुकान, पन्नाशीचा, बोलायला कमी. त्याने कागद पूर्ण वाचला. दोनदा. मग एक पातळ लॅपटॉप काढला. “मासी, आमां पंखोज नथी.” पंखाच नाही! डॉक लावला, एक वायर, दोन मॉनिटर, दोन वेगळी चित्रं. मी पाठ केली. पूर्ण शांतता. कधी चालू, कधी बंद, काही कळेना. पहिल्यांदाच नापास झाले, आणि आनंदाने झाले.

एवढ्यावर गप्प बसेल तो व्यापारी कसला! म्हणाला, “पण चार्जर लगावो त्यारे झीणी सीटी वागे छे. बीजुं बतावुं, थोडुं मोंघुं छे.” चार्जर लावला की म्हणे बारीक शिट्टी! कसली शिट्टी? महाग माल खपवायला आवाज लपवणारे पाहिले होते. नसलेला आवाज शोधून काढणारा हा पहिलाच. म्हटलं, शिट्टी तुझ्याजवळ ठेव, मला हाच दे.

२० जानेवारी

टेबलावर सगळं मांडलं. घर कसं चिडीचूप. हे पुढ्यात येऊन म्हणाले, “छान आहे.” यांना काय कळणार!

२३ जानेवारी

कोसाड. दोन तास मुद्रण, चार्जर लावून, मध्येच बंद पडायला नको म्हणून. धुरपदाबाईंनी अकराही नावं सांगितली, दोन-दोनदा. सांगताना प्रत्येकीसाठी एक बोट मुडपत होत्या. दहा बोटं संपली तेव्हा माझा हात धरून माझं बोट मुडपलं.

२४ जानेवारी

‘अस्पष्ट’ – अडतीस.

कवळी न लावता बोलल्यावर दुसरं काय होणार. शिवाय गल्लीत भाजीवाला. शिवाय हेडफोन जुना आहे.

नवा हेडफोन आणला. सदतीस.

२५ जानेवारी

गायत्रीचा फोन. “बाई, मुद्रण सुरेख झालंय! एक बारीक शिट्टी आहे सगळीकडे, पण ती काढता येते.”

मी म्हटलं, नावं?

“नावं तर लखलखीत आहेत. जुन्या मुद्रणातही होती, म्हणून तर कारण विचारलं. पंखा होता, पण त्याच्यावरून सगळं ऐकू येत होतं.”

फोन ठेवला. भात करपला.

२७ जानेवारी

चेतनच्या दुकानात गेले ती भांडायला. यंत्र काउंटरवर आपटलं नाही एवढंच. म्हटलं, शिट्टी वाजते म्हणे! घे माझी परीक्षा. चार्जर लाव, काढ, दहा वेळा.

पाठ करून उभी राहिले. “चालू?” बंद. “हवे?” म्हणजे आता? बंद. दहाही वेळा बंद म्हटलं.

वळले. चार्जर लावलेला. “काढ्योज नथी, मासी,” चेतन हळूच म्हणाला. काढलाच नव्हता. कोपऱ्यात डबा खात बसलेला त्याचा कारागीर घास तोंडात ठेवून म्हणाला, “वागे छे ने, क्यारनी वागे छे.”

मी पाठमोरी असताना दहा वेळा माझ्या मागे ती वाजत होती.

चेतनने स्टूल पुढे केलं. “मारी बाने पण एवुंज थयेलुं. पहेलां तो ए पण मनेज वढती.” त्याच्या आईचंही असंच झालेलं, आणि तीसुद्धा आधी त्यालाच रागवायची. मी बसले. पाणी प्यायले.

२८ जानेवारी

कानाचे डॉक्टर. तक्त्यावर रेघ निम्म्यापर्यंत सरळ, पुढे विहिरीत पडल्यासारखी. “बारीक आवाज गेलेत. चार-पाच वर्षं तरी झाली असतील. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?”

रात्री यांना विचारलं. पुढ्यात उभे राहिले. तोंड तोंडासमोर.

“मला टीव्हीचा आवाज कशाला लागतो? मी ओठ वाचतो. चाळीस तुझ्यासाठी होता. पाठीमागून हाक मारली की तू ओ देत नव्हतीस.”

मग सांगितलं का नाही? म्हणाले, “तू ऐकलं असतंस?”

३० जानेवारी, गुरुवार

लेखी कारण: ‘यंत्रात दोष नव्हता. कान माझे.’ सही केली.

गायत्री स्वतः आली. तिच्या हवाली: लॅपटॉप एक, डॉक एक, मॉनिटर दोन, चार्जर (शिट्टीसह), हेडफोन दोन, मुद्रणं एकोणीस, गुरुवारची कोसाडची वेळ. पोच घेतली.

तिच्याकडून: अकरा नावं, टाइप केलेली. कोसाडला दोघी गेलो, मी धुरपदाबाईंना वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा बोटं मुडपली. एकही चुकलं नाही.

यांच्या हवाली: रिमोट.