माचू पिच्चूचा खंडोबा

वेस्ट विंडसर,
शनिवार, १४ जून २०२५

चि. अबोलीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे मजेत. टबातली मेथी छान तरारून आलीय. अनिकाच्या शाळेला आता सुट्टी लागेल. तुझ्या सत्यजितदादाचं ऑफिस आणि कटकट, दोन्ही चालू. तू मावशीचा फोन उचलत नाहीस, मेसेजला निळ्या खुणा होतात नि उत्तर येत नाही, म्हणून म्हटलं पत्रच टाकावं. जेवतेस ना गं नीट?

गेल्या रविवारी तुझ्या किस्पेबाईंना पुरणपोळी आवडली हो! पेरूहून आलेल्या एवढ्या मोठ्या प्रोफेसर, पण हाताने जेवल्या. तूप तर मागून घेतलं.

आणि तू काय सुंदर सांगत होतीस! इंका राजाने डोंगरमाथ्यावर वसवलेलं गाव, चुन्याशिवाय बसवलेले दगड, पुढे शंभरेक वर्षांत सगळं ओस. मग गेल्या शतकात अमेरिकेतून एक साहेब गेला आणि ‘मला सापडलं’ म्हणून जगभर गाजला. सापडलं कसलं डोंबलाचं! तिथे माणसं शेती करत होती की! वर त्याने भांडी, हाडं खोक्यांत भरून इकडे आणली, ती परत जायला शंभर वर्षं लागली. मी पोळी लाटता लाटता ओरडले, “चोर मेले!” सगळे हसले.

आणि आत देव्हाऱ्यात तो दगड होता.

घर दाखवल्याशिवाय मी पाहुणा सोडत नाही, माझी खोड तुला ठाऊक आहे. एप्रिलमध्ये तू आम्हाला माचू पिच्चूला नेलंस, तेव्हा एका भिंतीखाली तो पडलेला दिसला. वर निमुळता, मधे तांबूस रेघ. मला आपला खंडोबाच दिसला गं. स्वेटरच्या खिशात टाकला. देव घरी न्यायचा, त्यात चोरी कसली, असं मनाला सांगितलं. पण चोरी वाटली नसती तर आधी इकडेतिकडे बघितलं असतं का?

बाई वाकून बघत राहिल्या. भंडारा वाहिलेला, फूल ठेवलेलं. त्यांनी विचारलं, “हा कुठला?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “अबोलीने आणला, माझ्यासाठी.”

तू दारातच उभी होतीस. एकदा माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, “येस, इट वॉज मी.”

मी खरं सांगायचं सोडून वर विचारलं, “चहा टाकू का?” जळलं मेलं माझं तोंड!

काल सत्यजितकडून कळलं, उन्हाळ्यात किस्पेबाईंबरोबर माचू पिच्चूला कामावर जायची तुझी जागा त्या दगडापायी गेली. किती राबलीस त्यासाठी! लहानपणी तू काही फोडलंस की मी तुझ्या आईला सांगायचे, “ताई, माझ्या हातून पडलं.” ते तू असं फेडलंस होय गं?

आज सकाळी किस्पेबाईंना फोन केला. माझं इंग्लिश तुला माहीतच आहे. “आय टुक. आय लाइड. अबोली नो.” अनिका शेजारी होती. “आजी, यू लाइड?” म्हणाली. त्या पोरीसमोर मान वर करवेना.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “आमच्याकडेही दगडात देव असतो. पण तो त्याच्या डोंगरावर असतो.” तुझ्या जागेचं बघते म्हणाल्या नाहीत, नाही बघत असंही नाही.

सोमवारी पॅटरसनला पेरूच्या वकिलातीत दगड द्यायला जातेय. सत्यजित ड्राइव्ह करेल, पण आत मी एकटी जाईन. कुणी आणला विचारलं, तर माझंच नाव सांगेन.

देव्हाऱ्यात त्याच्या जागी भंडाऱ्याचा पिवळा डाग राहिलाय. मला पुसवत नाही.

खाली ‘तुझी मावशी’ लिहायला हात धजत नाहीये. तू म्हणशील तेव्हा लिहीन.

शोभा