घट्ट चापाचं रिव्हॉल्व्हर

बुधवार, मुलुंड

दमलो आज. आमच्या सोन्याच्या दुकानात चोर शिरल्यापासून घरचे मागे लागले होते. शेवटी लायसन्स आलं आणि बायकोला, नीताला घेऊन रिव्हॉल्व्हर बघायला गेलो. विकणाऱ्याने बत्तीस बोअरची दोन रिकामी हातात दिली. एकाचा चाप हलका. दुसऱ्याचा इतका घट्ट की दोन बोटं लावली, तरी ओढवेना. विकणारा म्हणाला, "सवय होईल, शेठ. हे दगा देणार नाही."

दसऱ्याला तराजूशेजारी याचीही पूजा करायची का आता? काय कळत नाही. तो चाप अजून बोटाला जाणवतोय.

नीताने तेच घट्ट पसंत केलं. बाहेर आल्यावर मी चिडलो, "अगं, माझ्याच्याने ओढवत नाही ना ते!"

"म्हणून तर तेच घेतलं रे," ती म्हणाली.