मोरीतलं गोडं पाणी

बा, रांजण गळत नव्हता. तुला ते ठाऊकच होतं, मला मात्र शोधून काढावं लागलं. आणि शोधल्यावर जे दिसलं त्याचा धक्का एवढ्या वर्षांनीही माझ्या अंगातून पुरता उतरलेला नाही.

देश स्वतंत्र होऊन फार वर्षं झाली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. उरणच्या बाजूला, मिठागरांच्या कडेला आपलं घर. उन्हाळा लागला की गावातल्या विहिरींचं पाणी मचूळ व्हायचं, गोडं पाणी उरायचं ते डोंगराखालच्या एकाच विहिरीला. ते आणायचं काम माझं. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, सकाळभर खेपा. रांजण काठोकाठ भरून ठेवावा आणि दिवेलागणीला बघावं तर तळाशी जेमतेम वाटीभर. घरात माणसं तीन. आय माझ्यावरच करवादायची, "पितेस का सांडतेस? सासरी जाऊन असाच उजेड पाडशील." माझं लग्न ठरलेलं, त्यामुळे तिची प्रत्येक गोष्ट सासरपर्यंत जायची. मलाही चीड आली. एका रात्री रांजण पुन्हा भरून आत कोळशानं रेघ ओढली, बुडाभोवती राख पसरली. सकाळी पाणी रेघेवरच आणि राख कोरडी ठक्क. भांड्यांचं पाणी मीच वापरत होते, गुरांना मचूळच जात होतं. राहिली फक्त तुझी आंघोळ.

मिठागरात राबून आलेल्या माणसाला गोड्या पाण्यानं अंग धुवावंच लागतं, नाहीतर पायांच्या भेगांत मीठ जाऊन रात्रभर आग होते. म्हणून तुझ्या आंघोळीवर कोणी बोट ठेवायचं नाही. तू यायच्या आधी आय मला न्हाणीतली मोरी घासायला लावायची, राख नि नारळाची शेंडी घेऊन, आणि माझं झालं की स्वतः पुन्हा घासायची. "कुनाला जेवायचं हाय का त्याच्यात?" मी वैतागून विचारायचे. ती शेंडी फिरवतच राहायची. मग तू येतोस, हंडे उचलून आत नेतोस आणि मोठ्यानं 'हर हर गंगे' सुरू करतोस. पाणी ओतल्याचा आवाज संपतच नाही. एके दिवशी तू जेवायला बसलास तेव्हा माझी नजर तुझ्या पोटऱ्यांवर गेली. मीठ तसंच पांढरंफट. पाठही कोरडी. एवढं पाणी ओतणाऱ्या माणसाच्या अंगाला पाणी लागलंच नव्हतं. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी तू न्हाणीत शिरलास आणि मी गोवऱ्यांचं निमित्त करून घरामागं गेले. मोरीचं भोक भिंतीतून केळीच्या आळ्यात निघत होतं. तिथं शेजारची मुलगी उकिडवी बसली होती, माझी लहानपणापासूनची मैत्रीण. भोकाखाली हंडा, हंड्याच्या तोंडाला धुवट फडकं. आपल्या आंघोळीचं पाणी ही माणसं पितात की काय, हेच पहिलं मनात आलं. तेवढ्यात आतून तुझं 'हर हर गंगे' आलं, पाठोपाठ पाणी आलं. नितळ, माझ्या डोक्यावरून आलेलं. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. आम्हाला एकमेकींशी बोलायची बंदीच होती. तिचा बाप बांधाच्या भांडणात गावकीला न विचारता कचेरीत गेला, म्हणून गावकीनं ते घर वाळीत टाकलं होतं. त्यांना कुणी विस्तव द्यायचा नाही, हातानं पाणी द्यायचं नाही, गोड्या विहिरीवर चढू द्यायचं नाही. तिची वहिनी नुकतीच बाळंत झालेली, मचूळ पाण्यावर दिवस काढत होती. आणि हा निवाडा देणाऱ्या पंचांत तू होतास, बा. मी ओटीच्या दाराआडून ऐकला होता तुझा आवाज, सगळ्यांत चढा.

हे कुणाला कळलं तर उद्या आपणही वाळीत, माझं लग्न मोडलं, तुझी पंचकी गेली. आणि त्याहून मोठा राग हा, की द्यायचंच होतं तर कुडावरून हंडा द्यायचा. माणसांना मोरीतून पाणी? हातानं द्यायचं नाही म्हणाले, तर तू हात तेवढा मागं घेतलास. त्या संध्याकाळी जेवताना मी म्हटलं, "बा, आंग कोरडं हाय तुझं." तू भाकरी मोडत राहिलास. मग म्हणालास, "पानी पुरत न्हाय म्हनतेस ना? उद्यापासून एक खेप जास्ती आन." आयनं माझ्या ताटात कालवण वाढलं. मी जास्तीची खेप आणू लागले. लग्न होऊन जाईपर्यंत आणत राहिले. माझ्या लग्नाला ते घर नव्हतं. मांडवातून मला त्यांचं बंद दार दिसत होतं.

तुला हे कधीतरी लिहायचंच होतं. रागानं लिहायचं की मान ताठ करून, ते ठरत नव्हतं. आज माझ्या इथं नळ आहे, फरशीची मोरी आहे. सकाळी ती घासताना हात एकदम थांबला. राख नि शेंडी घेऊन आय रोज काय घासत होती? मी घासलेलं तिला का पटत नव्हतं? आणि पाण्यावरून ती एवढ्या मोठ्यानं, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी मलाच का बोलत होती? मी तिथंच फरशीवर बसले.

तुम्ही दोघं याबद्दल एकमेकांशी एक शब्दही बोलला नसाल, पैजेनं सांगते. हा कागद आता मी घडी करून डब्यात ठेवतेय. तुझं नाव घेऊन लिहायला बसले, बा, पण तो आयला लिहायला हवा होता.