दोन मिनिटांत परत

१२ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ताईस,

धाकटीचा नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण जिने चढायची ती काही थांबत नाही. तुला पत्र लिहून तीन वर्षं झाली, म्हणून आधी एक गंमत सांगते.

परवा शिलाई कारखान्यात मी लघवीला जाऊन आले, तर सुपरवायझर बाई म्हणाल्या, "काय गं, रांग होती का? तशीच परत आलीस?" झालं म्हटलं तर त्यांना पटेना. इतकी वर्षं त्या माझी वीस-वीस मिनिटं घड्याळ लावून मोजत आल्यात. बाकीच्या बायका तर विचारायच्या, आत बिऱ्हाड थाटलंस का! ताई, आता दोन मिनिटं लागतात. पहिल्यांदा नीट धार लागली तेव्हा मी आत बसून रडले.

माझं ऑपरेशन झालं. छोटंसंच. सारखी जळजळ, मधूनच थंडी वाजून ताप, पाळीत उभं राहवणार नाही अशा कळा, हे सगळं मी माझं नशीब समजत होते. डॉक्टरबाईंनी तपासून सरळ सांगितलं की, लहानपणी रिवाज म्हणून खालचा नाजूक भाग कापून शिवलाय, वाट इवलीशी उरलीय, लघवी आणि रक्त आत अडतं, त्यातून ही दुखणी. पुढे किडनीवरही गेलं असतं. त्यांनी तो शिवलेला भाग उघडला. जे कापलं ते परत येत नाही, हेही सांगितलं.

आई सोबत होती. तिने एवढंच विचारलं, हे सगळं त्यामुळेच का. डॉक्टरबाई हो म्हणाल्या. घरी आलो. कुलूप काढताना आई म्हणाली, "मला वाटायचं, बायकांचं दुखतंच. माझंही दुखायचं." आणि मग, "ताईला कळव, चिमीला कुठेही न्यायचं नाही. कुणी विचारलं तर माझं नाव सांग."

ऐकलंस ना? तुझ्या लेकीला, चिमीला, सातवं लागलं आणि तू आईचे फोन घेईनाशी झालीस. का, ते मला कळत होतं. आता घे.

एक सांगायचं राहिलंय. डॉक्टरबाईंनी विचारलं, त्या दिवशी तुला कुणी धरलं होतं? मी म्हटलं, बहिणीने. त्या म्हणाल्या, "ती केवढी होती?"

"अकरा वर्षांची."

ते माझ्या तोंडून निघालं तेव्हा मलाच पहिल्यांदा ऐकू आलं. अकरा. म्हणजे सहावीतली पोर. इतकी वर्षं मी कुणा मोठ्या बाईवर राग धरून होते. तिथे तर फ्रॉकमधली तू होतीस, त्याच्या चारच वर्षं आधी तुलाही तिथेच निजवलं होतं.

प्रवासात तू पाण्याचा घोटही घेत नाहीस, ते मी पाहिलंय. डॉक्टरबाई शुक्रवारी असतात. मी रजा टाकलीय. तू ये. आत मी तुझ्यासोबत असेन.

आता न रागावलेली,
तुझी धाकटी