आदेशातून गाळलेला परिच्छेद

नांदेड,
२३ जानेवारी २०२६

चि. उज्वला हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. तुझ्या मामीचा गुडघा कुरकुरतो, तरी रोज गोदावरीकाठी फिरून येते आणि आल्यावर माझ्याच पोटाला नावं ठेवते. हिमायतनगरात थंडी कशी आहे? फोनवरही मी हेच विचारलं होतं. दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा थंडीवरच घसरलो. म्हणून आज कागद घेतला.

त्या दिवशी तुझ्या आईचा फोन आला. "दादा, कॉलेजच्या सकाळच्या बससाठी पोरी पुस्तकं घेऊन स्थानकापुढं गप बसल्या. एक घोषणा न्हाई. तरी गुन्हा? आता तलाठ्याच्या नोकरीला चारित्र्याचा दाखला कोण देईल?" मी "बघतो" म्हणालो. बघायचं काय होतं? मला माहीतच होतं.

तू आधी परवानगीचा अर्ज दिला होतास. ठाण्यात म्हणाले, "आदेशात परवानगीची सोयच न्हाई, आम्ही कुठून देऊ?" ते खरंच बोलले. साऱ्या जिल्ह्याला लागू असलेला जमावबंदीचा तो आदेश इथे कलेक्टर कचेरीत माझ्या टेबलावर तयार होतो. दर पंधरवड्याला जुनी फाइल उघडायची, तारीख बदलायची, सहीला ठेवायची. दिवाळीआधी आदेश चार ओळींनी दुसऱ्या पानावर जात होता, आणि सूचनाफलकावरचं दुसरं पान हमखास फाटतं. सणात कोण आंदोलन करतंय, असं म्हणून परवानगी घेऊन शांततेनं बसणाऱ्यांना वगळणारा परिच्छेद मी त्या वेळेपुरता काढला. परत घालायचा विसरलो. सह्या करणाऱ्यांनीही तारीखच पाहिली.

आदेश नकोतच, असं मी म्हणणार नाही. मिरवणुकीत दगड पडले त्या वर्षी याच कागदामुळे बाजार शाबूत राहिला. पण गप बसलेल्या पोरींना त्यात ओढायचं कुणाच्याच मनात नव्हतं. माझ्या आळसानं ते झालं. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही, पोरी.

परवा जुना आणि नवा, दोन्ही आदेश घेऊन साहेबांपुढे उभा राहिलो.

"मार्तंडराव, हे लेखी देता? तुम्हालाच नोटीस निघेल."

"हाव साहेब, निघू द्या."

निघाली. पण काल दुरुस्त आदेशही निघाला, चांगला दोन पानांचा. आता नव्यानं अर्ज दे. ठाण्याला तो बघावाच लागेल. बस सुरू होईपर्यंत मागणी सोडू नका. गुन्ह्याचं कोर्टात ठरेल, आणि तुझ्या बाजूनं ठरेल असं मला मनापासून वाटतं.

हे पत्र वकिलांना दे. मामाची नोकरी सांभाळायची म्हणून तू लपवून ठेवशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. लपवलंस तर मी रागावेन. म्हणूनच खाली नुसतं 'तुझा मामा' लिहीत नाही.

मार्तंड बालाजी कल्याणकर
अव्वल कारकून
सदर आदेश तयार करणारा